आपण काय वाचत होतो? (१९७३ ते १९७९)

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला फोनवर विषय दिला तो असा : "वर्गातला पुस्तकी किडा तूच. तुझी आवडती पुस्तकं, सिनेमे आणि आपले मराठीचे सर-बाई यांच्यावर लिही. मुदत पाळ." मी चार पाने लिहूनही काढली. त्यांत नवे काही नव्हते. पंचवीस वर्षे झाली म्हणून आपण पहिल्यांदा जमलो तेव्हा मी माइक हातात घेऊन जे बोललो होतो तेच पुन्हा होते : आपण वाचायला शिकलो ते शाळेमुळे नव्हे, तर शाळा असूनही. त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. ज्या बाईंना उद्देशून ते होते त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्याही हसल्या होत्या, असे मला आठवते.

नंतर जानेवारीत गावी गेलो असताना शाळेत डोकावलो. ग्रंथालयाची यादी संगणकावर घालण्याचे काम चालू होते. हल्लीच्या ग्रंथपाल मॅडमनी माळ्यावरून काढलेल्या रद्दीत एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही दाखवली. वर निळ्या शाईत 'ग्रंथ देवघेव' आणि आत पहिली तारीख जून १९७३. म्हणजे आपण पाचवीत आलो तो महिना. शेवटची तारीख एप्रिल १९७९. एका कडेने वाळवी लागली होती, पण रकाने शाबूत होते : तारीख, दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव व इयत्ता, सही, परत तारीख, शेरा. मी ती दोन दिवस घरी ठेवून घेतली. तिसऱ्या दिवशी ती चार पाने फाडली. हा लेख त्यानंतरचा आहे.

आधी कपाटांविषयी, कारण पुष्कळांना ग्रंथालय होते हेच आठवत नाही. शिक्षकांच्या खोलीत दोन कपाटे होती. एक लाकडी, काचेच्या दारांचे. त्याच्या एका दाराची काच कायम फुटलेली आणि तिथे पुठ्ठा लावलेला. दुसरे हिरव्या रंगाचे पत्र्याचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास देवघेव. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येई म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी कपाट उघडतच नसत. वहीत त्या दोन महिन्यांची पाने जवळजवळ कोरी आहेत. आपल्याकडे वाचनाचा हंगाम गणपतीनंतर सुरू होई आणि आंब्यांबरोबर संपे.

या कपाटांचे नशीब ज्या काळात उघडले तो काळही बघण्यासारखा आहे. पुण्याला पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', स्थापन झाली जानेवारी १९६७ मध्ये. त्याच वर्षी राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. आपण पहिलीत गेलो १९६९ साली. १९७१ च्या नोव्हेंबरात 'किशोर' मासिक निघाले, तेव्हा आपण तिसरीत होतो. आपल्या आईवडिलांनी अत्र्यांच्या 'नवयुग वाचनमाले'तून किंवा तशाच कुठल्या खासगी वाचनमालेतून अक्षरे गिरवली. राज्यभर एकच पुस्तक असलेल्या पहिल्या काही वर्गांपैकी आपण होतो. त्याचा तोटा काय झाला हे सांगणारे पुष्कळ भेटतात. फायदा एक झाला : नागपूरच्या, नांदेडच्या कुणाशीही मुंबईत ओळख झाली की आमचे धडे जुळत.

आता वहीत काय सापडते ते. पाचवी-सहावीत सगळ्यांत जास्त वेळा गेलेले पुस्तक भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा तो हडकुळा बनेश आणि त्याची सायकल. गावात सायकल असलेली मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, तरीही फेणेची रांग मोठी. त्याखालोखाल 'श्यामची आई', पण तिच्या नोंदी एकगठ्ठा आहेत. दर वर्षी डिसेंबरात, साने गुरुजींच्या जयंतीच्या आसपास, निबंध स्पर्धेसाठी ती नेली जाई आणि आठवड्यात परत येई. मागून वाचलेले पुस्तक आणि सांगितले म्हणून वाचलेले पुस्तक यांतला फरक परत तारखेच्या रकान्यात स्पष्ट दिसतो. नाथमाधवांचा 'वीरधवल' नेणारा तो महिनामहिना परत करत नसे.

आठवीपासून चित्र बदलते आणि इथे मुलग्यांनी थोडे ओशाळायला हरकत नाही. 'स्वामी', 'मृत्युंजय', 'ययाति', 'गारंबीचा बापू' यांच्यापुढची नावे बहुतेक मुलींची आहेत. आपण मुलगे 'मृत्युंजय'वर कट्ट्यावर वाद घालत होतो, कर्ण मोठा की अर्जुन, आणि ते पुस्तक वर्गातल्या ज्या तिघींनी खरोखर वाचले होते त्या पलीकडच्या बाकावर गप्प बसून ऐकत होत्या. त्यांतल्या एकीला मी परवा फोनवर विचारले, तेव्हा बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

इतिहास लिहिणाऱ्याने साधनात काय नाही हेही बघावे लागते. वहीत बाबूराव अर्नाळकर नाहीत. झुंजार नाही, काळा पहाड नाही, नारायण धारपांची भुते नाहीत. आपल्या खऱ्या वाचनाचा निम्मा भाग या वहीच्या बाहेर झाला. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी यायचे, त्यांच्या ट्रंकेतून मुंबईच्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांची शिक्के मारलेली पुस्तके यायची, ती परत जायचीच असे नाही. अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांपैकी किती आपल्या गावात कौलांखाली आणि पेंढ्यात लपवल्या गेल्या याची नोंद कुणी ठेवली नाही. एक पुस्तक सात-आठ जणांनी वाचले की त्याची पहिली आणि शेवटची पाने गळून जात. त्यामुळे खून कुणी केला हे न कळताच मी कित्येक रहस्यकथा संपवल्या आहेत. शेवट आपापला रचायचा, ही सवय मला तिथे लागली.

आणि काकोडकर. चंद्रकांत काकोडकरांचे नाव काढले की मागच्या बाकावर खसखस पिके. त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात ती आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये लेखक सुटला. आपल्याला यातले काहीही माहीत नव्हते. आपल्यापर्यंत पोहोचली होती ती फक्त कीर्ती. नववीत एका मित्राने (आता तो सोसायटीचा चेअरमन आहे, नाव लिहीत नाही) 'श्यामची आई'च्या खाकी कव्हरात काकोडकर घालून आणला होता. तो सरांनी पकडला. सरांनी कव्हर बघितले, आतले पान बघितले आणि एवढेच म्हणाले, "आई बाहेर, श्यामा आत." वर्गाला कळायला अर्धा मिनिट लागला. पुस्तक त्यांनी त्याला संध्याकाळी परत दिले. घरी चिठ्ठी गेली नाही.

हेच आपले लाडके सर. त्यांची आवड सरळ होती : हसवेल ते साहित्य. गडकरी, अत्रे, पु. ल. 'झेंडूची फुले' त्यांना तोंडपाठ होती आणि एखादी कविता शिकवायच्या आधी ते तिचे विडंबन सांगत. पुढे कविता परीक्षेत आली की आपल्याला विडंबनच आठवे. गुण गेले, पण तो तास कुणी बुडवला नाही. बाईंचे तास बुडवले जात. बाई उतरवून देत, अनुस्वार तपासत, ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा गुण कापत. सरांचा तास म्हणजे जत्रा आणि बाईंचा म्हणजे कचेरी, अशी आपली वाटणी होती. तीच मी माइकवरून सांगितली होती.

१९७६ हे आपल्या आठवीचे वर्ष. त्या एका वर्षात आपल्या मुलखाने दोन लेखक गमावले. एप्रिलच्या शेवटी चिं. त्र्यं. खानोलकर गेले, आणि २ सप्टेंबरला वि. स. खांडेकर. खांडेकरांसाठी शाळेत शोकसभा झाली. खानोलकर गेले तेव्हा सुटी लागण्याचे दिवस होते. शोकसभा झाली नाही, आणि शाळा चालू असती तरी झाली असती असे वाटत नाही. खांडेकर ज्ञानपीठवाले होते, १९७४ चे. 'ययाति'मुळे मराठीला ज्ञानपीठ पहिल्यांदा मिळाले होते. शिवाय ते 'आपले' मास्तर. सांगलीत जन्मलेला हा माणूस १९२० साली शिरोड्याच्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आला आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिला. आपल्यापासून एस.टी.ने दीड तासाच्या अंतरावर. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' त्यांनी शिरोड्याला मुलांच्या वह्या तपासता तपासता लिहिल्या. १९३० सालचा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह त्यांच्या शाळेच्या अंगणाबाहेरच घडला म्हणायचे. १९३६ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सच्या 'छाया'ची कथा त्यांनी दिली, तेव्हाही ते शाळेत शिकवतच होते. मास्टर विनायकांनी एकीकडे या गंभीर मास्तरांकडून कथा घेतली आणि दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, दुसऱ्या मास्तरांकडून 'ब्रह्मचारी'. ते दुसरे म्हणजे अत्रे, पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे मुख्याध्यापक, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेऊन आलेले.

शोकसभेत सर खांडेकरांवर बोलले नाहीत. त्यांना खांडेकर आवडत नसत. "उपमांचं दुकान" हा त्यांचा शब्द. बाई बोलल्या, पाच मिनिटे, कागदावरून वाचून. त्यांतले एक मला लक्षात राहिले, कारण ते मला तेव्हा खटकले होते. त्या म्हणाल्या की खांडेकरांची भाषा आज जुनी वाटते हे खरे, पण आपल्या तालुक्यातल्या बायका ज्या पुस्तकांसाठी वाचायला शिकल्या ती त्यांची पुस्तके होती, आणि ज्यांना ती वाचावी लागली नाहीत त्यांनी हसू नये. सर त्याच व्यासपीठावर बसले होते. मी सरांच्या बाजूचा होतो, मला राग आला. आज वाटते, बाईंनी सरांना उद्देशून नव्हे, आपल्याच आईविषयी ते म्हटले असावे. हा माझा तर्क आहे.

दुसऱ्या दिवशी तासाला मात्र बाईंनी खानोलकरांची गोष्ट काढली. कुडाळात खानावळ चालवणारा माणूस, दिवसा हिशेब आणि रात्री कविता, 'आरती प्रभू' या नावाने. "तो इथून गेला आणि शाळेत एक मिनिटसुद्धा उभं राहिलं नाही कुणी," असे म्हणून त्यांनी लगेच 'समासांचे प्रकार' उतरवून द्यायला सुरुवात केली. मी तेव्हा काहीही टिपून घेतले नाही. समास तेवढे टिपले.

सिनेमाकडे वळतो. आपल्याकडे थिएटर नव्हते, दिवाळीनंतर तंबू येई आणि वळवाच्या पावसाआधी जाई. सहावीत शाळेने सवलतीच्या तिकिटात 'श्यामची आई' दाखवली. हा चित्रपट १९५३ चा, अत्र्यांचा. पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत, १९५४ मध्ये, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. वनमाला आई आणि माधव वझे श्याम. आपल्या तंबूत आला तोवर त्या रिळांवर इतके ओरखडे होते की सगळ्या कोकणात पाऊस पडतो आहे असे वाटे. एक रीळ जळाले, पंधरा मिनिटे अंधार. त्या अंधारात मुली हुंदके देत होत्या आणि मुलगे धुराने डोळे चुरचुरतात म्हणत होते.

एक गोष्ट मला मोठेपणी कळली आणि ती मला पुस्तकाइतकीच आवडते. साने गुरुजी हे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिक्षक होते. १९३० साली ती नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू करून १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवली. बेचाळीस रात्रींच्या गोष्टी, लिहून झाल्या पाच दिवसांत. आणि तिचा सिनेमा केला कुणी? विडंबनकार अत्र्यांनी, ज्यांच्या लेखणीने कुणालाच सोडले नव्हते. रडवणारा मास्तर आणि हसवणारा मास्तर. आपले सर अत्र्यांचे भक्त, पण 'श्यामची आई'ला ते "अत्र्यांनी केलेली एकमेव गंभीर चूक" म्हणत. तंबूतल्या त्या अंधारात मात्र सरांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसताना मी पाहिले आहे. धूर असेल.

मराठी सिनेमात मास्तर फार आले आणि फारसे सुखी झाले नाहीत. 'पिंजरा' (१९७२) तंबूत आला तेव्हा आपल्याला बंदी होती. मोठ्या मुलांनी तमाशाच्या गाण्यांचे वर्णन केले, मास्तरांचे कुणी केले नाही. पुढे मुंबईत पाहिला आणि समजले की तो मुळात आदर्श शिक्षकाच्या घसरणीचा चित्रपट आहे. शांतारामबापूंनी त्याचे बीज 'द ब्लू एंजल' या १९३० सालच्या जर्मन बोलपटातून घेतले होते, आणि तो बोलपट हाइनरिश मान यांच्या १९०५ मधल्या कादंबरीवरून आला होता. जर्मनीतला हायस्कूल शिक्षक कोल्हापूरच्या फडापर्यंत पोहोचला. तेच डॉ. लागू दोन वर्षांनी 'सामना'मध्ये पुन्हा मास्तर. या खेपेला दारूत बुडालेला, पण नीळू फुल्यांच्या हिंदुराव पाटलाला प्रश्न विचारण्याइतका शुद्धीवर. माझ्या मते या दोन मास्तरांत 'सामना'तला मोठा. 'पिंजरा'तला स्वतःच्या प्रतिमेसाठी मरतो, 'सामना'तल्याला प्रतिमाच उरलेली नाही. या विषयावर सरांशी बोलायचे राहून गेले. ते १९९६ साली गेले.

आणि माझा सर्वांत आवडता मास्तर पुस्तकातलाच : 'बनगरवाडी'तला, व्यंकटेश माडगूळकरांचा, १९५५ चा. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला गेलेला कोवळा पोरगा. चाळीस वर्षांनी, १९९५ मध्ये, अमोल पालेकरांनी त्यावर चित्रपट केला. चांगला आहे, पण पुस्तकात जो उजाडपणा शब्द कमी वापरून आला आहे तो पडद्यावर येत नाही. पडदा रिकामा ठेवता येत नाही, पान ठेवता येते. 'बनगरवाडी' मी दहावीत वाचली, इतके मला पक्के आठवत होते. कुठून मिळाली ते आठवत नव्हते; "बाईंच्या घरची असेल" असे धरून चाललो होतो. दहावीत बाई अधूनमधून कुणाला तरी एखादे पुस्तक देत. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, घरी बोलावून, "कुणाला सांगू नकोस" असे बजावून. आपल्याला वाटे, स्वतःची पुस्तके आहेत म्हणून बाई जपतात.

आता वहीतले ते पान. जून १९७८, आपले दहावीचे वर्ष. पानाच्या माथ्यावर लाल शाईत, ठसठशीत अक्षरात : "इ. १० वीच्या विद्यार्थ्यांस अवांतर पुस्तके देऊ नयेत." खाली सही आहे. कुणाची ते लिहीत नाही. नव्या दहा अधिक दोनच्या बोर्डाचे ते सुरुवातीचे निकाल होते, सगळीकडे टक्केवारीची धास्ती होती, आणि असा आदेश काढणारी आपली एकटीच शाळा नसणार. त्या ओळीनंतर वर्षभर दहावीच्या एकाही मुलाचे किंवा मुलीचे नाव वहीत नाही. माझ्या सिद्धांताला यापेक्षा मोठा पुरावा कुठला? शाळेने दारच लावून घेतले होते. मी पान उलटणार होतो.

पण त्याच पानापासून बाईंचे नाव सुरू होते. त्याआधीच्या पाच वर्षांत बाईंनी वहीवर क्वचितच काही नेले आहे. त्यांच्याजवळ स्वतःची पुस्तके असणार. जुलै १९७८ पासून मात्र जवळपास दर शनिवारी. पावसाळ्यातसुद्धा, म्हणजे बंद असलेले लाकडी कपाट त्यांनी उघडून घेतले असले पाहिजे. 'बनगरवाडी'. 'माणदेशी माणसं'. 'चानी'. 'व्यक्ती आणि वल्ली'. इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या बाई ऑक्टोबरात 'फास्टर फेणे' कशाला नेतील? प्रत्येक नोंदीपुढे शेऱ्याच्या रकान्यात बारीक पेन्सिलीने एक आकडा : ७, ३१, १९, ४, ३१, २२. मला आधी वाटले किमती असतील. मग 'फास्टर फेणे'पुढे ४० दिसला, आणि तो काही चाळीस रुपयांचा नव्हे.

माझा दहावीचा हजेरी क्रमांक ३१ होता.

मी त्या रात्री तिघांना फोन केले. गंमत अशी की गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख न आठवणारी माणसे हजेरी क्रमांक क्षणात सांगतात. सात क्रमांकाची आपली डॉक्टर मैत्रीण म्हणाली, "बनगरवाडी? हो, बाईंच्या घरची होती ती. मी परत नेऊन दिली तेव्हा त्यांनी मला गूळ-खोबरं दिलं होतं." तिला वही वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि चाळीस नंबर म्हणजे तो रे, ज्याला धड वाचता येत नव्हतं." त्यालाच फेणे दिला होता. तो आज आपल्यात नाही. पास झाला होता एवढे मला आठवते.

३१ हा आकडा चार ठिकाणी आहे. शेवटची नोंद १३ जानेवारी १९७९ ची : 'कोंडुरा', चिं. त्र्यं. खानोलकर. परत तारीख कोरी.

'कोंडुरा' माझ्याजवळ आहे. पंचेचाळीस वर्षे आहे. वेंगुर्ल्याकडच्या आपल्या समुद्राचे, आपल्या कड्याचे नाव एका पुस्तकावर छापलेले बघून मला जे झाले होते ते मी अनेकांना सांगितले आहे. तोवर पुस्तकातली गावे पुण्याच्या आसपास असत. वर मिळालेला, पण त्या वराने सोलवटून निघालेला तो परशुरामतात्या मी पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री चिमणीच्या उजेडात वाचला, आणि सकाळी भूमितीच्या पेपरात मला समुद्र ऐकू येत होता. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर केलेला चित्रपट मी पुढे पाहिला. हिंदीबरोबर तो तेलुगूतही होता, अनंत नाग आणि अमरीश पुरी त्यात आहेत. सिनेमा वाईट नाही. पण समुद्र आपला नाही, त्यामुळे भीतीही आपली नाही. मी मनातल्या मनात त्याला कधी मान्यता दिली नाही.

हे पुस्तक मी बाईंना परत केले नाही. परीक्षा झाली, मुंबईला निघून गेलो, ट्रंकेत ते आले. "बाईंचं एक पुस्तक मी ढापलंय," हे मी मित्रांत अभिमानाने सांगत असे. ज्यांनी आमचे अनुस्वार कापले त्यांच्याकडून केलेली वसुली, असा काहीसा सूर असे. या वेळी मुंबईला परतल्यावर मी ते कपाटातून काढले. खाकी कव्हर बाईंनीच घातलेले. शीर्षकाचे पान नाही. पण शाळेचा शिक्का आतल्या एका ठरावीक पानावरही मारायची पद्धत होती, हे मला वही वाचून झाल्यावर ग्रंथपाल मॅडमनी सांगितले होते. ते पान उघडले. जांभळा, गोल, पुसट शिक्का आहे. तो मी पूर्वी कधीच पाहिला नव्हता असे मी म्हणू शकत नाही. इतक्या वेळा वाचलेल्या पुस्तकात तो दिसला नसेल हे शक्य नाही. दिसला असेल आणि मी तो बघितला नसेल. बाईंचे ढापणे ही गोष्ट सांगायला बरी होती, शाळेचे म्हटले की सगळीच गोष्ट मोडली असती.

वहीचे शेवटचे पान, २८ एप्रिल १९७९. बाईंच्या नावापुढे शाईने : "दोन पुस्तके गहाळ. किंमत व दंड मिळून रु. ११.५० जमा." त्याखाली बाईंची आद्याक्षरे, आणि त्यांतही अनुस्वार जागच्या जागी. त्या वर्षी त्या तात्पुरत्या नेमणुकीवर होत्या, हे मला आपल्या एका निवृत्त सरांनी आता सांगितले. लाल शाईचा आदेश मोडल्याचे कळले असते तर काय झाले असते, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "काय व्हायचं? जूनला ऑर्डर आली नसती."

'कोंडुरा' मी शाळेत पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन दिले. मॅडमनी जुन्या वहीत परत तारखेच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि माझी सही घेतली. दंड विचारला तर म्हणाल्या, वहीप्रमाणे तो जमा आहे. बाई सध्या पुण्याला मुलीकडे असतात, ऐकू कमी येते, पण संमेलनाला येणार असे मुलीने कळवले आहे. त्यांचे साडेअकरा रुपये मी बरोबर आणतो आहे. व्याजाचे त्या ठरवतील.

गहाळ पुस्तके दोन आहेत. दुसरे 'माणदेशी माणसं', पेन्सिलीचा आकडा १९. एकोणीस नंबर कोण होता ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. बाबा रे, माळा शोध.